‘अदलाबदल’ म्हणजे नेमके काय : बांधावरचा अर्थ आणि दस्तातला अर्थ

अमळनेर तालुक्यातील एका शेतकरी वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वडील आणि वडिलांचे चुलतभाऊ यांनी १९९८ साली गावातील दोन वावरे एकमेकांशी बदलून घेतली. मुद्रांक कागदावर ‘आम्ही आपसात राजीखुशीने अदलाबदल केली आहे’ एवढेच लिहून दोघांनी व दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. तेव्हापासून वहिवाट बदललेल्या वावरांतच आहे, पण सातबारा जुन्याच नावांवर राहिला. आज दोघेही वडीलधारे हयात नाहीत आणि चुलत काकांचा मुलगा म्हणतो की, ती अदलाबदल केवळ कसण्यापुरती होती, मालकी कोणी कोणाला दिलीच नव्हती. तेव्हा ‘अदलाबदल’ या शब्दाचा खरा अर्थ कोणता, आणि तो कागद कोणत्या कामाचा, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

जळगाव व धुळे येथील दिवाणी आणि महसुली कामांत वकिली करताना हा शब्द माझ्यासमोर सतत येत आला आहे, आणि माझा अनुभव असा की, भांडण बहुधा शब्दाचा अर्थ माहीत नसल्यामुळे होत नाही. बोलण्यात या शब्दाला मोठा पसारा आहे आणि कायद्यात तो फार आखीव आहे. कागद लिहिणारा बोलण्यातला शब्द जसाच्या तसा कागदावर उतरवतो आणि पुढची पिढी त्याचा आपापल्या सोयीचा अर्थ लावते. म्हणून आधी बोलण्यातला अर्थ पाहू.

आपल्याकडे ‘तुनं वावर माले, मनं वावर तुले’ एवढ्यावर अदलाबदल होते. पण नेमके काय बदलले, हे या वाक्यातून कळत नाही. सामाईक विहिरीवर दोघा भावांच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. एकाच्या केळीला आज पाणी हवे असते आणि दुसऱ्याला दोन दिवसांनी चालणार असते, तेव्हा पाळ्यांची अदलाबदल होते. येथे विहिरीतला हिस्सा कोणाचाच हललेला नसतो, फक्त वापराची वेळ बदललेली असते. पेरणीच्या दिवसांत एकाचे बैल आणि दुसऱ्याची तिफण असा व्यवहार होतो, तोही वापरापुरताच. शिक्षकांच्या आपसी बदलीत दोघे एकमेकांच्या जागेवर जातात, तेथे मालकीचा प्रश्नच उद्भवत नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणून पुढे तेवढीच परत केली तर आपण त्याला उसनवार म्हणतो. जी वस्तू घेतली त्याच जातीची वस्तू परत करायची असल्यामुळे तिला अदलाबदल म्हणत नाही. दुकानातला बिघडलेला मिक्सर देऊन त्याच मॉडेलचा दुसरा आणला, तर ते ‘बदलून घेणे’ झाले. तो नवा व्यवहार नसून जुन्या खरेदीची पूर्तता असते, आणि म्हणूनच ‘विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही’ अशी पाटी लावून सदोष मालाची जबाबदारी दुकानदाराला झटकता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली असून, बिलात मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते.

याच कुळातले इतर शब्द वापरातून इतके दूर गेले आहेत की, ते कागदावर जपूनच वापरावे लागतात. ‘मोबदला’ हा शब्द अरबी-फारसीतून आला तेव्हा त्याचा अर्थ अदलाबदल असाच होता. आज तो कामाची किंवा जमिनीची किंमत या अर्थाने चालतो, आणि रस्त्यासाठी किंवा धरणासाठी जमीन गेलेल्या माणसाला ‘मोबदला मिळाला का’ असे विचारले की उत्तर रुपयांतच मिळते. ‘देवाणघेवाण’ विचारांची, पत्रांची, पैशांची, कशाचीही होते, म्हणून दस्तात तो शब्द निरुपयोगी आहे. ‘साटेलोटे’ हे मुळात दोन घरांनी एकमेकांच्या मुली सून म्हणून करून घेणे. आता वर्तमानपत्रांत तो शब्द संगनमताच्या अर्थानेच अधिक दिसतो. ‘विनिमय’ हा ग्रंथातला शब्द आहे आणि बाजारात तो कोणी उच्चारत नाही. उरला ‘अदलाबदल’, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातही ‘अदलाबदलपत्र’ हाच शब्द रुळलेला आहे.

आता कायद्यातला अर्थ. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम ११८ मध्ये अदलाबदलीची व्याख्या आहे. तिचा आशय असा की, दोन व्यक्ती एका वस्तूच्या मालकीच्या बदल्यात दुसऱ्या वस्तूची मालकी परस्परांना देतात, आणि त्या दोन वस्तूंपैकी एकही निव्वळ पैसा नसतो किंवा दोन्हीही निव्वळ पैसाच असतात, तेव्हा त्या व्यवहाराला अदलाबदल म्हणतात. या व्याख्येतला कणा ‘मालकी’ हा आहे. पाळी बदलली, ताबा बदलला, वापर बदलला, पण मालकी जागची हलली नाही, तर बांधावर त्याला काहीही म्हणोत, कलम ११८ ची अदलाबदल ती नव्हे. दुसरी गोष्ट पैशाची. एका बाजूने वस्तू आणि दुसऱ्या बाजूने निव्वळ पैसा असेल तर ती विक्री. परंतु एका बाजूने वस्तू आणि दुसऱ्या बाजूने वस्तू व वर काही पैसे असतील, तर ती अदलाबदलच राहते, कारण कोणतीही बाजू निव्वळ पैशाची नसते. दोन्ही वस्तू सारख्या किमतीच्या असल्या पाहिजेत असेही कायदा म्हणत नाही. दोन्ही बाजूंना पैसाच असण्याचे उदाहरण म्हणजे नोटेची मोड. तेथे कलम १२१ प्रमाणे प्रत्येक जण आपण दिलेले नाणे किंवा नोट खरी असल्याची हमी देत असतो.

ही व्याख्या जंगम वस्तूंनाही लागू आहे आणि जंगमात कागद लागत नाही, वस्तू हातात दिली-घेतली की पुरते. दत्तजयंतीला शहादा तालुक्यात सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. समजा, तेथे एकाने आपली घोडी व वर वीस हजार रुपये देऊन दुसऱ्याचा घोडा घेतला. लगाम हातात गेला की अदलाबदल पूर्ण झाली. पुढे तो घोडा चोरीचा निघाला आणि खऱ्या मालकाने तो कायदेशीरपणे नेला, तर कलम ११९ कामाला येते : घोडा गमावलेल्या माणसाला नुकसानभरपाई मागता येते, किंवा समोरच्याकडे आपली घोडी अजून असेल तर तीच परत मागता येते. मात्र समोरच्याने ती दरम्यान तिसऱ्याला पैसे घेऊन विकली असेल, तर त्या तिसऱ्याच्या दारात जाता येत नाही, भरपाईवरच समाधान मानावे लागते. करारात वेगळे ठरले असेल तर अर्थातच तसे. कलम १२० हेच तत्त्व व्यापक शब्दांत सांगते की, प्रत्येक पक्ष जे देतो त्यापुरता तो विक्रेता असतो आणि जे घेतो त्यापुरता खरेदीदार. ज्याला अदलाबदल समजून घ्यायची आहे त्याने हे कलम आधी वाचावे. बाकीची बरीच उत्तरे त्यातून निघतात.

जळगावच्या सराफ बाजारात जुना दागिना देऊन नवा घेण्याचा व्यवहार रोजचा आहे. गिऱ्हाईक त्याला ‘मोडीत देऊन नवे केले’ असे म्हणते आणि मनात ती अदलाबदलच असते. सराफाच्या वहीत मात्र ते सहसा दोन व्यवहार असतात, जुन्याची खरेदी आणि नव्याची विक्री, आणि दोन्हींना किंमत लावलेली असते. हा भेद करात दिसतो. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्यात पुरवठ्याच्या व्याख्येत विक्रीबरोबर वस्तुविनिमय आणि अदलाबदलही घातलेली असल्यामुळे ‘आम्ही विकले नाही, बदलले’ असे म्हणून कर टळत नाही. नवा दागिना एक लाखाचा आणि मोड साठ हजारांची असेल, तर तीन टक्के कर एक लाखावर, म्हणजे तीन हजार रुपये, लागतो. वरच्या चाळीस हजारांवर तो काढला जात नाही. जुन्याची घडणावळ परत मिळत नाही आणि घट कापली जाते, हे तर प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे.

जमिनीचे मात्र असे हातोहात चालत नाही. कलम ११८ च्याच शेवटी म्हटले आहे की, अदलाबदलीने मालमत्तेचे हस्तांतरण विक्रीसाठी जी रीत ठरवली आहे त्याच रीतीने करता येते, आणि कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री केवळ नोंदणीकृत दस्तानेच होते. म्हणजे आजच्या घडीला कोणत्याही वावराची अदलाबदल तोंडी होऊ शकत नाही, साध्या मुद्रांकावरील सह्यांनी होऊ शकत नाही, आणि तलाठ्याकडे वर्दी देऊन फेरफार पाडून घेतल्यानेही होऊ शकत नाही. गावोगाव गाव नमुना सहामध्ये ‘वर्दीवरून अदलाबदलीची नोंद’ अशा जुन्या फेरफार नोंदी आढळतात आणि लोक त्या मोठ्या विश्वासाने दाखवतात. फेरफार हा महसुलापुरता अभिलेख असून त्यातून मालकी उत्पन्न होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. अशा नोंदीचा पुराव्यात उपयोग होतो, तो वेगळा.

मग लोक रीतसर दस्त का करत नाहीत? बेफिकिरी हे एक कारण आहेच, पण मुद्रांक शुल्काची धास्ती हे मोठे कारण होते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूची एकमधील अनुच्छेद ३२ प्रमाणे अदलाबदलीच्या दस्तावर, दोहोंपैकी जी मालमत्ता अधिक बाजारमूल्याची असेल तिच्या मूल्यावर, खरेदीखताच्या दराने शुल्क लागते. एक वावर बारा लाखांचे आणि दुसरे पंधरा लाखांचे असेल, तर शुल्क पंधरा लाखांवर. दोहोंची बेरीज सत्तावीस लाख धरायची नसते आणि फरकाच्या तीन लाखांवरही भागत नाही. वेगळे ठरले नसेल तर ते दोघांनी निम्मे-निम्मे भरायचे. ज्या व्यवहारात एकही रुपया हातात येत नाही, त्यासाठी इतकी रक्कम भरणे शेतकऱ्याच्या जिवावर येते, हे समजण्यासारखे आहे.

त्यातच आपल्या भागात ताबा एकाकडे आणि नाव दुसऱ्याचे अशी जी असंख्य वावरे आहेत, त्यांतली कित्येक लोकांनी स्वतःहून बदललेली नाहीत. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव गट योजना राबवली गेली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि कागदावर जमिनी एकमेकांशी बदलल्या गेल्या. शेतकरी मात्र आपल्या आजोबांच्याच बांधात नांगर धरून राहिला. ही सरकारने केलेली अदलाबदल होती आणि ती अर्धी कागदावरच राहिली. अशा व घरगुती अदलाबदलीतून निर्माण झालेल्या वादांसाठी महसूल विभागाने ३ जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयाने ‘सलोखा योजना’ आणली. एकाच्या नावावरील शेतजमिनीचा ताबा दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याच्या जमिनीचा ताबा पहिल्याकडे किमान बारा वर्षे असेल, तर अदलाबदल दस्तासाठी नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी आकारली जाते. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) व मंडळ अधिकारी ताब्याचा पंचनामा करतात आणि तो दस्तासोबत जोडावा लागतो. बिगरशेती, निवासी किंवा व्यापारी जागांना ही सवलत नाही, आणि ताबा एकाच बाजूने गेलेला असेल तर ते अतिक्रमण असते, अदलाबदल नव्हे, म्हणून तेथेही ती मिळत नाही. योजनेला मुदत घातलेली असते, तेव्हा दस्ताच्या दिवशी ती चालू असल्याची खात्री निबंधक कार्यालयातून करून घ्यावी. सवलत केवळ शुल्काची आहे. संमती, वारस, परवानग्या यांतली कोणतीही गोष्ट तिने माफ होत नाही.

परवानग्यांच्या बाबतीत नंदुरबार जिल्ह्यातील आणि धुळे जिल्ह्याच्या शिरपूर-साक्री पट्ट्यातील वाचकांनी विशेष सावध राहावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, पट्टा अशा कोणत्याही मार्गाने पूर्वमंजुरीशिवाय जाऊ शकत नाही. ‘विकली नाही, नुसती बदलली’ ही सबब येथे चालत नाही, कारण अदलाबदल हा शब्द कायद्यातच लिहिलेला आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे अदलाबदलीने गेली असेल, तर असे व्यवहारही आदिवासींना जमिनी परत देण्यासाठी केलेल्या १९७४ च्या जमीन प्रत्यार्पण कायद्यातील हस्तांतरणाच्या व्याख्येत येतात. माझ्या मते शुल्क वाचवण्यासाठी ‘अदलाबदल’ हा शब्द पांघरण्याचा मोह जेथे सर्वांत अधिक होतो, तेथेच कायद्याने तो आधी ओळखून ठेवला आहे. भोगवटादार वर्ग दोनच्या, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेल्या, जमिनींना सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन अदलाबदलीनेही देता येत नाही, आणि गटातला प्रमाणभूत क्षेत्राहून, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान क्षेत्राहून, लहान तुकडा तोडून बदलायचा असेल तर तुकडेबंदी आडवी येते. वाटणीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. सामाईक मालकांनी आपापला हिस्सा वेगळा करून घेणे ही अदलाबदल नसते, कारण तेथे सर्व मिळकतीत सर्वांचा हक्क आधीपासूनच असतो. ज्यांची वाटणी पूर्वीच होऊन सातबारे वेगळे झालेले आहेत, त्यांनी नंतर एकमेकांत बदल केला तर ती अदलाबदल होते.

आता वाचकांच्या कागदाकडे वळू. ‘आपसात राजीखुशीने अदलाबदल केली आहे’ या वाक्यात मालकीचा उल्लेख नाही, कायमचे की काही काळासाठी हे नाही, कोणता गट देऊन कोणता घेतला हेही त्या एका वाक्यातून निघत नाही. याउलट, ‘गट नंबर अमुकचे संपूर्ण क्षेत्र, पोटखराब्यासह, त्यातील झाडेझुडपे, विहिरीतील निम्मा हिस्सा व वहिवाटीच्या रस्त्याच्या हक्कासह, कायमच्या मालकी हक्काने लिहून दिले असून त्याच्या बदल्यात गट नंबर तमुकचे संपूर्ण क्षेत्र तशाच मालकी हक्काने लिहून घेतले आहे व आज रोजी प्रत्यक्ष कबजा दिला-घेतला आहे’ असे वाक्य असते, तर चुलतभावाला ‘कसण्यापुरती’ हा शब्द उच्चारता आला नसता. विहिरीच्या हिश्शाचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण जमीन बदलताना विहीर कोणाकडे राहिली यावरून होणारी भांडणे जमिनीवरून होणाऱ्या भांडणांपेक्षा चिवट असतात. वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे आणि विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा कोणत्या गटावर आहे, हेही दस्तात यावे लागते. बोजा जमिनीबरोबर जातो, कर्जदाराबरोबर नव्हे.

तरीही तो कागद निरुपयोगी नाही. नोंदणी नसल्यामुळे त्याने मालकी बदललेली नाही, हे खरे. पण १९०८ च्या नोंदणी कायद्यातील कलम ४९ प्रमाणे नोंदणी न झालेला दस्त आनुषंगिक कारणासाठी, म्हणजे ताबा कोणत्या नात्याने आला हे दाखवण्यासाठी, वाचता येतो. शिवाय त्याची तारीख महत्त्वाची आहे. लेखी करारानुसार ताबा मिळालेल्या माणसाला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५३-अ संरक्षण देते. २४ सप्टेंबर २००१ पासून त्यासाठी तो करार नोंदणीकृत असावा लागतो, परंतु १९९८ चा कागद त्याआधीचा आहे. त्यातील मजकुरावरून कराराच्या अटी पुरेशा निश्चितपणे काढता येत असतील आणि वडिलांनी आपल्या बाजूचे वावर दिलेले असेल, तर काकांच्या वारसांनी ताबा मागितल्यास ढाल म्हणून हे कलम उभे करता येते. त्याने मालकी मिळत नाही, ताबा राखता येतो. मुद्रांक शुल्क कमी भरलेले असेल तर आधी ते दंडासह भरावे लागेल, त्याशिवाय न्यायालय तो कागद पुराव्यात घेणार नाही.

बारा वर्षांच्या ताब्याने आपोआप मालक झालो, ही समजूत मात्र सोडावी. प्रतिकूल ताब्यासाठी ताबा मूळ मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे आणि अखंड असावा लागतो, आणि ‘त्याच्या संमतीने घेतला’ असे एकीकडे म्हणत दुसरीकडे ‘त्याच्या विरुद्ध धरून ठेवला’ असे म्हणणे अवघड जाते. दावा लावायचाच झाला, तर कोणती भूमिका घ्यायची हे आधी ठरवून घ्यावे.

माझा सल्ला असा की, प्रथम दोन्ही घरांची वारस नोंद पूर्ण करून घ्यावी. वडिलांच्या व काकांच्या वारसांत मुलगेच नव्हे तर मुली, विधवा आणि हयात असल्यास आईही येतात, आणि अदलाबदलीच्या दस्तावर त्या सर्वांच्या सह्या लागतील. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही राहिली म्हणून पुढे अडलेले दस्त मी बरेच पाहिले आहेत. त्यानंतर १९९८ पासूनच्या गाव नमुना बारामधील पीकपाहणीच्या नोंदी, विहिरीच्या वीजबिलांच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचे उतारे आणि त्या दोन साक्षीदारांपैकी जे हयात असतील त्यांचे म्हणणे एकत्र करावे. हे सर्व घेऊन, दाव्याची नोटीस पाठवण्याआधी, गावातील दोन वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन चुलतभावाकडे जावे आणि सलोखा योजनेतून दस्त करण्याचा प्रस्ताव ठेवावा. तो कसण्यापुरतीच म्हणत असेल, तर त्याच्या ताब्यात असलेले आपले वावरही त्याला सोडावे लागेल, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आणून द्यावी. त्या वावरात त्याने विहीर खोदली असेल, ठिबक टाकले असेल किंवा केळी उभी असेल, तर बोलणे बरेच सोपे होते. तो तयार झाला नाही, तरच कागदपत्रे घेऊन वकिलाकडे जावे.